सोबती नमुना

माझी बायको माझ्या घरात जेवत नाही, असं यंत्रानं छापून दिलं तेव्हा मी आधी हसलो. मग चिडलो. सोलापूर स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली, त्याचा हा परिणाम. समोरचा काहीतरी अचाट बोलतो, आपण हसतो, मग कळतं की हा मनापासून बोलतोय, आणि डोकं फिरतं.

"मॅडम, तुमचं यंत्र बिघडलंय," मी म्हणालो. "छत्तीस वर्षं झाली लग्नाला. माझ्या घरात नाही तर काय शेजारी जाऊन जेवते ही?"

महानंदा, म्हणजे आमची ही, शेजारच्या खुर्चीवर बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

गुंडेटी मॅडम म्हणजे त्या तपासणी केंद्रातली समजावून सांगणारी मुलगी. तिशीची असेल, आवाज हळू. "काका, राग मानू नका, विचारावं लागतं. काकू वेगळ्या राहतात का? कुणा नातेवाइकाकडे वगैरे?"

"एक मुलगी आहे, ती नाशिकला. आणि ही माझ्याच घरात राहते, माझ्याच शेगडीवर स्वयंपाक करते. तो स्वयंपाक मी खातो. आणखी काय पुरावा पाहिजे?"

आता हे काय प्रकरण होतं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं, हत्तुरे बायकोवर पाळत ठेवून होते.

आमच्या घराण्यात पुरुष साठी बघत नाहीत. आजोबा चोपन्नाव्या वर्षी शेताच्या बांधावर बसल्या बसल्या गेले, वडील सत्तावन्नाव्या वर्षी. मी नागनाथ हत्तुरे, वय एकसष्ट, छातीत दोन स्प्रिंगा. डॉक्टरनं गेल्या दिवाळीत सरळच सांगितलं की तिसरी बसवायला जागा उरलेली नाही. औषध आलं होतं. वर्षातून दोनदा एक इंजेक्शन, रक्तातली चरबी बिघडवणाऱ्या जनुकाला गप्प करणारं. पण ते मागेल त्याला देत नाहीत. दोष जनुकाचा असेल तरच द्यायचं. दोष ताटातल्या जेवणाचा असेल आणि इंजेक्शन टोचलं, तर यकृत हात वर करतं. म्हणून आधी ठरवायचं, दोष कुणाचा.

तेल पाण्यात मिसळत नाही हे भांडी घासणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. रक्त म्हणजे बरंचसं पाणीच. म्हणून शरीर चरबी बारीक पिशव्यांत भरून रक्तातून धाडतं. जुन्या तपासणीत त्या पिशव्यांचा हिशोब लागायचा, कोलेस्टेरॉल अमुक, ट्रायग्लिसराइड तमुक, चार आकडे की संपलं. म्हणजे स्टँडच्या फाटकावर उभं राहून किती गाड्या सुटल्या एवढंच सांगायचं, आत कोण बसलंय ते नाही. नवं यंत्र आतले प्रवासी बघतं. एका थेंबातून साडेआठशे जातींचे स्निग्ध रेणू वजनावरून वेगळे काढतं. सोलापुरात सगळे त्याला घाणा म्हणतात.

प्रत्येक रेणूला एक डोकं आणि एखाददोन शेपट्या. शेपटी किती कड्यांची आणि तिला वाक कुठं, यावर त्याची जात. काही जाती आईबापांकडून ठरून येतात, कारण शेपटीला वाक देणारे शरीरातले कारागीर जनुकांच्या हुकमात असतात. काही जाती सरळ ताटातून येतात, शरीराला त्या बनवताच येत नाहीत. आणि बऱ्याचशा दोन्हींची सरमिसळ. ती सोडवायला आणखी दोन माणसांचं रक्त लागतं. एक असा, ज्याचं रक्त आपलं पण चूल वेगळी. दुसरा असा, ज्याची चूल आपली पण रक्त वेगळं. पहिला मिळाला. माझा धाकटा भाऊ काशिनाथ अक्कलकोटहून आला, बोट टोचून घेतलं, चहा पिऊन गेला. दुसऱ्याला अर्जात 'सोबती नमुना' म्हणतात. लग्न झालेल्या माणसाला त्यात काय अवघड, बायको असतेच.

तर यंत्र म्हणालं, अमान्य. सदर व्यक्ती अर्जदाराच्या घरात जेवत नाही.

मॅडमनं पडदा माझ्याकडे वळवला. दोन आलेख एकाखाली एक होते, वरचा माझा, खालचा महानंदाचा. "लाल पेशी चार महिने जगते, काका. चार महिने जे खाल्लं ते तिच्या सालीत उतरतं. ही पंधरा आणि सतरा कड्यांची शेपटी बघा, ती मुख्यतः दूध, दही, तूप यांतून येते. तुमच्यात भरपूर आहे. काकूंच्यात जवळपास नाहीच. आणि ही इकडची खूण, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाची. ती काकूंच्यात आहे, तुमच्यात नाही." मग तिनं मला सोडून तिलाच विचारलं, "काकू, तुम्ही कधी जेवता?"

"सगळ्यांचं झालं की."

"आणि काय जेवता?"

"असेल ते."

मॅडमनं पेन खाली ठेवलं. "यंत्र बिघडलेलं नाही काका. ज्यांनी ते बनवलं त्यांनी गृहीत धरलं की एका घरातली माणसं एकच जेवण जेवतात. इथं दहातल्या सहा बायका त्याच्या मते नवऱ्याच्या घरात जेवत नाहीत. माझ्या आईचं रक्त दिलं तरी हेच येईल."

उपाय एकच होता. एकशे वीस दिवस दोघांनी एकाच भांड्यातलं, सारखं जेवायचं. तुपाचा चमचासुद्धा सारखा. मग पुन्हा नमुना. नाही जुळला तर अर्ज बाद, आणि पुढचा अर्ज दोन वर्षांनी. दोन वर्षं माझ्याकडे होती की नाही, हे मॅडम बोलली नाही, मीही विचारलं नाही.

घरी येताना रिक्षात मी महानंदाला म्हणालो, "घरात आता दोघंच आहोत. अकरा माणसांचं खटलं होतं तेव्हाचं समजू शकतो. आता कशाला शिळंपाकं खातेस? तूप का घेत नाहीस?"

"तूप तुम्हाला लागतं."

"मी कधी म्हणालो तू घेऊ नकोस?"

"घे असंही कधी म्हणाला नाहीत," ती म्हणाली, आणि बाहेर बघत बसली. भांडणाचा सूर नव्हता. गाडी किती वाजता सुटते असं कुणी विचारावं आणि आपण सांगावं, तसं सांगितलं.

मला राग आला, पण तो ठेवायला जागा मिळेना. एकेकाळी बेचाळीस गावांच्या गाड्यांच्या वेळा मला तोंडपाठ होत्या. अजून स्टँडवर घोषणा होतात त्या माझ्याच आवाजात. निवृत्त झालो त्या वर्षी तिथं यंत्र बसलं आणि त्यात माझा आवाज भरून घेतला. भाजी आणायला त्या बाजूला गेलो की मी मलाच ऐकतो, तुळजापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक नऊवर लागत आहे. तिथं माझा आवाज आहे, मला विचारत कुणी नाही. तर असा मी, आणि मला माझी बायको किती वाजता जेवते ते ठाऊक नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी जेवून आडवा झालो आणि झोपेचं सोंग घेतलं. बाहेर उन्हाचा कडाका होता. अलीकडच्या उन्हाळ्यात बारा ते चार सोलापूर बंदच असतं. पावणेतीनला स्वयंपाकघरात पाट ओढल्याचा आवाज आला. मी उठून दाराआडून बघितलं.

ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब सोडून. ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी, सकाळच्या वांग्याचा तळ. कांदा मात्र बारीक गोल चकत्या करून गोलाकार मांडलेला. एक मिरची विस्तवावर भाजून घेतली होती, तिचा वास दरवळत होता. घास घेत होती आणि गुणगुणत होती. छत्तीस वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. चेहरा इतका सैल की क्षणभर मला ती दुसरीच कुणी बाई वाटली. माझा पाय दाराला लागला आणि ती तशीच ताडकन उठली, उष्टा हात मागं घेऊन.

"काय हवंय? पाणी?"

"काही नाही. बस तू. जेव."

ती बसली नाही. मी परत जाऊन पडेपर्यंत उभीच राहिली.

मी मनाशी ठरवलं, बास. उद्यापासून दोघांनी बरोबर बसायचं, बारा वाजता, गरम गरम. मला वाटलं, मी तिला काहीतरी मोठं देतोय. तसं म्हणालोही, "आता राणीसारखी बस माझ्यासमोर." ती म्हणाली, "बरं." माझा जीव तिच्या पानात अडकला होता हे तिला कळत होतं.

पहिल्या दिवशी ती समोर बसली. दोन घास खाल्ले आणि पाणी आणायला उठली. मग मीठ. मग तव्यावरची भाकरी. मी म्हणालो, "अगं, बस की." बसली. घास चावत नव्हती, गिळत होती, परीक्षेला उशीर झालेल्या पोरीसारखी. मी बोलत राहिलो. बोलायची माझी सवय, गाड्यांच्या, डेपोच्या, कोण ड्रायव्हर कुठं आडवा झाला त्याच्या गोष्टी. ती हं हं करत होती. तिसऱ्या दिवशी सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "आमटीत मीठ जास्त पडलंय." छत्तीस वर्षं हेच मी ताटावरून आतल्या खोलीकडे ओरडून सांगत आलो. आता ती दोन हातांवर बसली होती. तिचा घास हातातच राहिला. "हो का," म्हणाली. त्या दिवशी तिनं पुढं काही खाल्लं नाही.

नवव्या दिवशी हात धुऊन ती परत येऊन समोर बसली. ताटं तशीच होती.

"मला तुमच्याबरोबर जेवता येत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे काय? मी काय वाघ आहे?"

"नाही. ऐकून घ्या, मग काय म्हणायचं ते म्हणा." ती नेहमी एकेक वाक्य बोलणारी बाई, त्या दिवशी सलग बोलली. "लग्न करून आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. अकरा माणसं जेवून उठली की मी बसायची. पहिली दोन वर्षं रडत जेवले. भाजी नसायची, ताक नसायचं, आणि कुणी विचारायचं नाही. मग रडू थांबलं. मग एक दिवस लक्षात आलं, दिवसभरात ही एकच वेळ आहे जेव्हा मला कुणी हाक मारत नाही. कुणाला काही नको असतं. सासूबाई झोपलेल्या, पोरगी शाळेत, तुम्ही ड्युटीवर. मी माझ्या वेगानं जेवायची. माझ्याशीच बोलायची. ती वेळ मला आवडायला लागली. तूप नसू दे, ती वेळ माझी होती. आता ती तुम्ही मागताय."

"मी वेळ कुठं मागतोय? माझ्या जिवाचा प्रश्न आहे, महानंदा."

"माहीत आहे. म्हणून तर नऊ दिवस बसले. आणखी एकशे अकरा बसेन. मी नाही म्हणत नाही. फक्त तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

आणि ताटं उचलून आत गेली.

मी तिथंच बसून राहिलो. खोटं कशाला सांगू, आधी मला भयंकर अपमान वाटला. माझ्या संगतीत बाईला घास उतरत नाही. मग भीती वाटली, कारण ती बसली असती. चार महिने बसली असती, गिळत राहिली असती, मला इंजेक्शन मिळालं असतं आणि मी म्हणालो असतो, बघ, जमलं की नाही. ती आयुष्यभर हेच करत आली होती आणि मी आयुष्यभर हेच म्हणत आलो होतो. पायाखालची वाळू सरकते म्हणतात ते मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पाटावर बसल्या बसल्या कळलं.

संध्याकाळी मी गुंडेटी मॅडमला फोन लावला. "मॅडम, एकच सांगा. तुमच्या घाण्याला वेळ कळते का? कोण आधी जेवलं, कोण नंतर?"

"नाही काका. त्याला फक्त काय खाल्लं ते कळतं. एक भांडं, सारखं जेवण, एवढं पुरे."

मग मी महानंदाला माझी योजना सांगितली. स्वयंपाक एकच. आधी तिनं वाढून घ्यायचं, तूप, दही, सगळं. तिच्या वेळेला, दार लावून. तिचं झालं की उरलेलं मी खायचं.

"तुमच्याआधी मी?" तिनं असं बघितलं की जणू तिला मी चोरी करायला सांगत होतो. "लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? घरात तू आणि मी."

"आणि उरलं नाही तर?"

"तर मी उपाशी राहीन. त्याचीही नोंद घाण्यात होईल."

ती हसली. फार नाही, पण हसली.

असा आमचा कार्यक्रम सुरू झाला. एक ते पावणेतीन मी बाहेरच्या खोलीत बसायचो. भूक लागल्यावर थांबणं म्हणजे काय, हे मला तेव्हा समजलं. आतून फोडणीचा वास यायचा, लसणाचा, शेंगदाण्याचा, तोंडाला पाणी सुटायचं, आणि आपली पाळी आलेली नसायची. ती सावकाश जेवायची, चाळीस-चाळीस मिनिटं. मग ताट घासल्याचा आवाज, मग दार उघडायचं. मी आत जायचो. भाकरी वातड झालेली, आमटी कोमट, भाजीचा तळ. मी माझं माझं वाढून घ्यायचो आणि एकटाच जेवायचो. ती बाहेर जाऊन पडायची. त्या स्वयंपाकघरात दुपारी तीनला एकटं बसून जेवताना भिंतीवरचं घड्याळ केवढं मोठ्यानं वाजतं, हे मला ठाऊक नव्हतं. बोलायला कुणी नाही. मीठ जास्त झालं तर सांगायचं कुणाला? मी सुरुवातीला भराभर आटपायचो. तिच्यासारखी गोडी मला काही लागली नाही. ती तिची दोन वर्षं रडून मिळवलेली होती, मला चार महिन्यांत कशी मिळणार?

एकदा मी माती खाल्ली. साधारण चाळिसावा दिवस असेल. सकाळपासून नुसत्या चहावर होतो, तीन वाजून गेले तरी दार उघडेना. मी उठून दारावर थाप मारली. "अगं किती वेळ? माणसानं मरायचं का इथं?"

दार लगेच उघडलं. तिचा हात खरकटा होता, ताट अर्धं भरलेलं. "झालं माझं," ती म्हणाली, आणि ताट बाजूला सारलं.

"नाही झालेलं. बस. पूर्ण कर."

"आता जायचं नाही. भूक मेली."

ती बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. मी तिचं ते अर्धं ताट बघत उभा राहिलो. कांद्याच्या चकत्या तशाच होत्या. मला माझी लाज वाटली. संध्याकाळी मी चहा केला, तिला नेऊन दिला आणि म्हणालो, "चुकलो." तिनं कप घेतला. दुसऱ्या दिवसापासून ती वीस मिनिटांत बाहेर येऊ लागली. पुन्हा चाळीस मिनिटं व्हायला तीन आठवडे लागले, ते मी मोजले.

मधे एकदा आमच्या मुलीचा, भाग्यश्रीचा, नाशिकहून फोन आला. काकानं, म्हणजे काशिनाथनं तिला सांगितलं होतं. "बाबा, हे काय ऐकतेय मी? आईनं तुम्हाला शेवटी जेवायला लावलंय?"

"तिनं नाही, मी लावलंय."

"या वयात? हार्टच्या माणसाला?"

"भाग्या, तू किती वाजता जेवतेस?"

तिच्या घरी स्वयंपाकाचं यंत्र आहे, दोघंही नोकरी करतात, जावई माझ्यापेक्षा कितीतरी बरा माणूस. "मुलांचं आणि याचं झालं की," ती म्हणाली. मग म्हणाली, "ठेवते बाबा, मीटिंग आहे." तो फोन मला पुढं कित्येक दिवस पुरला.

एकशे एकविसाव्या दिवशी आम्ही केंद्रात गेलो. दोघांनी बोटं टोचून घेतली. अर्ध्या तासात गुंडेटी मॅडम कागद घेऊन आली, तिचा चेहराच सांगत होता. "जुळलं, काका."

तिनं आलेख दाखवले. महानंदाच्या रक्तात दुधातुपाच्या शेपट्या माझ्या बरोबरीनं वर आल्या होत्या. तापवलेल्या तेलाची खूण पुसट झाली होती. ताटाचा वाटा वजा केल्यावर माझ्यात जे उरलं, ते काशिनाथच्या रक्ताशी ओळीनं ओळ जुळलं, म्हणजे दोष जनुकाचा. इंजेक्शन मंजूर. काशिनाथलाही अर्ज करायला सांगा म्हणाली. त्याच दुपारी मला पहिला डोस दिला, दंडात, मुंगी चावल्याइतकाच दुखला.

कागदाच्या तळाशी यंत्रानं निष्कर्ष छापला होता. अर्जदार व सोबती, एकाच घरात जेवणाऱ्या व्यक्ती. मी तो मोठ्यानं वाचला, स्टँडवरच्या आवाजात. महानंदा म्हणाली, "बरं झालं बाई." तिनं डोळे पुसले. माझ्यासाठी पुसले हे मला माहीत आहे. तिला मी जगायला हवाच होतो. फक्त जेवताना समोर नको होतो.

मला मात्र तो निष्कर्ष गिळेना. एकाच घरात जेवणारी माणसं. ते पहिले नऊ दिवस सोडले तर चार महिन्यांत आम्ही एकदाही एकमेकांसमोर घास घेतला नव्हता. आधी यंत्र खोटं बोलतंय म्हणून मी चिडलो होतो आणि ते खरं बोलत होतं. आता आम्ही एका घरातले असं ते म्हणत होतं, तर माझा त्याच्यावर विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आता तुमचं झालं सगळं. आजपासून बाराला वाढते तुम्हाला, पहिल्यासारखं. उन्हाचं ताटकळायला नको."

"नको. तुझं आधी."

"का? आता तर कागद मिळाला."

मी तिला खरं ते सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "चार महिने मी बाहेर बसून एकाच गोष्टीची वाट बघत होतो. आज ना उद्या तू दार उघडशील आणि म्हणशील, या, बसा. तू म्हणाली नाहीस. तू म्हणावंस अशी सक्ती नाही. पण मला एकट्याला जेवताना फार एकटं वाटतं गं. तर विचारतो. बसू का मी तुझ्याबरोबर? बोलणार नाही. मिठाचं काढणार नाही."

तिनं विचारलं, "माझं बसणं आता इंजेक्शनला लागतं का?"

"नाही. आता कशालाच लागत नाही."

"नाही म्हटलं तर तुम्हाला काही होणार नाही ना?"

"काही होणार नाही."

"मग नको," महानंदा म्हणाली.

छत्तीस वर्षांत ती मला पहिल्यांदा नको म्हणाली. दुपारी तिनं तूप वाढून घेतलं, ताट घेऊन आत गेली आणि दार लावलं. मी बाहेरच्या खोलीत बसलो आणि रडलो. चांगला मोठा बाप्या माणूस, रुमाल तोंडावर धरून. मला वाईट वाटलं, आणि तिचं बरोबर आहे हेही कळलं.

डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन लागू पडलंय, आणखी वीस वर्षं तरी मला कुणी हात लावत नाही. वीस वर्षं म्हणजे सात हजारांवर दुपारी होतात. मी ठरवलंय, रोज विचारायचं. दुपारी ती ताट वाढून घेते तेव्हा दारात उभा राहून मी विचारतो, बसू का? ती म्हणते, नको. मी म्हणतो, बरं, आणि बाहेर येतो. यात रुसवा नाही. तिच्याकडे नको म्हणायला इतकी वर्षं कुणी जागाच ठेवली नव्हती, आता तिला ती हवी तेवढी वापरू दे.

काल सेहेचाळिसावा दिवस होता. मी विचारलं. तिनं भाकरीवर तूप सोडलं, चमचा पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज नको."